वारा फुकट आहे, चक्की नाही : घरच्या पवनचक्कीचा थोडा इतिहास



आमच्या वावरात धुऱ्यावर एक वीस फुटी लोखंडी पाइप उभा आहे. आज त्याच्यावर काहीच नाही, एखादा होला येऊन बसतो तेवढाच. रस्त्यानं जाणारे विचारतात, "भाऊ, हा टॉवर कायचा?" तो टॉवर नाही. २००८ च्या उन्हाळ्यात मी बनवलेल्या पवनचक्कीचा खांब आहे. चक्की चौदा महिने चालली आणि मोडली. आता पोरगा म्हणतो, "बाबा, आपण ती परत चढवू." मी हो म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही. आधी वाचायला बसलो, की जगात ज्यांनी ज्यांनी स्वतःच्या हातानं चक्की बनवली, त्यांचं पुढं झालं काय? त्याचीच ही नोंद. पोस्ट लांब आहे, जेवणं झाल्यावर सावकाश वाचा.

सुरुवात आपल्याच खळ्यापासून करतो. माझ्या लहानपणी ज्वारीची रास वाऱ्यावर उपनायचे. तिवईवर एक माणूस उभा, खालून दुसरा टोपलं देणार, आणि वारा पडला की सगळे बसून राहणार. दुपारी वारा लागला की जेवण अर्धं टाकून उठायचं. आमचे बाबा म्हणायचे, "वारा कोनाच्या बापाचा नौकर नाई, आला की काम करून घ्या." पुढं हातानं फिरवायचे उपणणीचे पंखे आले, मग मळणीयंत्र आलं, आणि वाऱ्याची वाट पाहणं संपलं. पण पवनचक्कीचं अर्धं शास्त्र बाबांच्या त्या एका वाक्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वाऱ्यावर धान्य दळायची कला जुनी आहे. इराणच्या खोरासान भागात नश्तिफान नावाचं गाव आहे (नाव ऐकून आपल्याला तिफनच आठवते). तिथं माती, गवत आणि लाकडाच्या उभ्या चक्क्या शेकडो वर्षांपासून उभ्या आहेत. त्या फिरत राहिल्या कारण पिढ्यान् पिढ्या गावातलं कोणीतरी त्यांची लाकडं बदलत राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

पाणी उपसायच्या चक्कीची गोष्ट अमेरिकेची. १८५४ साली डॅनियल हॅलडे या कारागिरानं अशी चक्की केली, जी वाऱ्याकडं आपोआप तोंड करायची आणि वादळात स्वतःच वेग आवरायची. या 'स्वतःच आवरण्या'मुळंच ती कोरड्या माळरानावर टिकली, कारण तिथं चक्कीपाशी चोवीस तास बसायला माणूस नव्हता. तरी तेलपाण्यासाठी सारखं वर चढावं लागायचं. १९१५ मध्ये शिकागोच्या एअरमोटर कंपनीनं दात्यांचा सगळा संच तेलाच्या बंद पेटीत बसवला, मग वर्षातून एकदा तेल बदललं की झालं. मला विचाराल तर चक्कीच्या इतिहासातला मोठा शोध पात्यांचा नाही, हा तेलाच्या पेटीचा आहे.

वाऱ्यापासून वीज काढली ती १८८७ मध्ये, स्कॉटलंडात. जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकानं मेरीकर्क गावातल्या आपल्या सुट्टीच्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारली, तिच्यावर बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. वीज उरायची, म्हणून गावच्या रस्त्यावर दिवे लावून देतो म्हणाला. गावकऱ्यांनी नकार दिला, हे सैतानाचं काम आहे म्हणून. पहिल्या दिवसापासून चक्कीवाल्याला गाव हसतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

खरा आपल्या कामाचा माणूस डेन्मार्कचा पॉल ला कूर. हा आस्कोव्हच्या लोकशाळेत मास्तर होता. लोकशाळा म्हणजे शेतकऱ्यांच्या पोरांसाठीची शाळा. १८९१ मध्ये त्यानं शाळेपाशी वीज करणारी चक्की उभारली. वारा नसताना काय, या प्रश्नावर त्यानं पाण्यातून हायड्रोजन काढून साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे जाळले. एकदोनदा स्फोट होऊन काचा फुटल्या. प्रयोग करता करता त्याच्या ध्यानात आलं, की पाती थोडी आणि वेगवान असली तर वीज जास्त मिळते. पाणी ओढणाऱ्या चक्कीला पुष्कळ पाती लागतात, कारण तिला सुरुवातीलाच जोर लागतो. वीज करणाऱ्या चक्कीला वेग लागतो, म्हणून तीन पाती पुरतात. पण ला कूरचं मोठेपण चक्कीपेक्षा शिकवण्यात होतं. गावची पोरं वीजतंत्री व्हावीत म्हणून त्यानं वर्ग चालवले. चक्की बिघडली तर ती पोरं दुरुस्त करणार. डेन्मार्क आज पवनऊर्जेत जिथं आहे, त्याचं बियाणं तिथं पेरलं गेलं.

अमेरिकेतल्या जेकब्स बंधूंची गोष्ट वेगळी. मोंटानातल्या गुरांच्या रानात वीज नव्हती, म्हणून १९२० च्या दशकात मार्सेलस आणि जो या दोघा भावांनी घरीच खटपट करून तीन पात्यांची चक्की बनवली. पुढं मिनियापोलिसला कारखाना काढला. अ‍ॅडमिरल बर्ड १९३३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत त्यांची एक चक्की घेऊन गेला होता. पण १९३५ पासून तिथल्या सरकारनं खेडोपाडी विजेच्या तारा ओढल्या, आणि १९५० च्या दशकात जेकब्सचा कारखाना बंद पडला. तार आली की चक्की मेली, असा तिथला हिशेब.

आपल्याकडं हा हिशेब चुकला. तार आली, खांब आले, बिल आलं, पण वीज आली ती आठवड्यात काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास. २००५ नंतरचं भारनियमन ज्यांनी भोगलं त्यांना सांगायची गरज नाही. थंडीत रात्री हरबऱ्याला पाणी द्यायला जायचं, हातात बॅटरी, पायाखाली काय आहे ते देवाला माहीत. वरून रोही आणि रानडुकरांची जागल. त्या काळात माझ्या डोक्यात चक्की शिरली. पंप चालवायचा इरादा नव्हता, झोपडीत दोन दिवे लागले तरी बस होतं.

२००८ च्या एप्रिलमध्ये गावच्या वेल्डिंगवाल्याला धरलं. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून तीन पाती कापली, घेर दोन मीटर. आधी जुन्या जीपचा अल्टरनेटर लावला. पाती मस्त फिरत होती, पण बॅटरीत काहीच जात नव्हतं. कारण साधं आहे, पण तेव्हा माहीत नव्हतं. दोन मीटरची पाती मंद वाऱ्यात मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे मारतात, आणि गाडीच्या अल्टरनेटरला हजाराच्या वर लागतात. शिवाय त्याच्या आतलं चुंबक जागं करायलाच जितकी वीज लागते, तितकी त्या वाऱ्यात निघतच नाही. आई म्हणाली, "हे फिरते त खरं, पण देते काय?"

मग अकोल्याच्या भंगारातून कायम चुंबकाची डीसी मोटर आणली. ही कमी फेऱ्यांत वीज देते. संध्याकाळी जोडली, अन् वारा बिलकुल पडलेला असताना चक्की गरागरा फिरायला लागली! लोक जमले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी पाहतो तर बॅटरी ठार. मी डायोड लावलाच नव्हता, म्हणून बॅटरीच रातभर मोटर फिरवत होती. आम्ही पवनचक्की नाही, टेबल फॅन बनवला होता. दहा-वीस रुपयांचा डायोड बसवला आणि मग खरी चक्की सुरू झाली. त्या पावसाळ्यात झोपडीत १२ व्होल्टचे दोन दिवे लागले. तो आनंद मी नाकारत नाही.

आता वाऱ्याचा हिशेब, हा कृषी सहायक मित्रांनी बी नीट पाहावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. आपल्या उंचीवरच्या गरम हवेत सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात एका चौरस मीटरमागे साधारण १५ वॅट असतात, ६ मीटर वाऱ्यात साधारण १२०. दोन मीटर घेराच्या पात्यांचं क्षेत्र ३.१४ चौरस मीटर. म्हणजे मंद वाऱ्यात सगळे मिळून ४७ वॅट. त्यातले फार तर ५९ टक्के काढता येतात, हे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यानं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. घरची चक्की चौथा-पाचवा हिस्सा काढते, म्हणजे दहा वॅट. तेच चांगल्या वाऱ्यात ऐंशी-नव्वद. सगळा खेळ जोरदार वाऱ्याचा आहे, आणि जोरदार वाराच चक्की मोडतो. हा पेच सुटला तर चक्की टिकली.

दुसरा पेच आपल्या मुलखाचा. आपल्याकडं वारा कधी असतो? मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत, पश्चिमेकडून. तेव्हा सोयाबीनला पाऊस असतो, पंप लागत नाही. पाणी लागतं ते हरबरा-गव्हाला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा वारा मेलेला. माझी जागल डिसेंबरात अन् माझी चक्की बी डिसेंबरात झोपलेली. बॅटरी मोटारसायकलवर बांधून घरी आणायची, भरायची, परत न्यायची, असं दोन महिने केलं. म्हणजे हिवाळाभर दिवे लागले ते महावितरणवर, अन् नाव पवनचक्कीचं.

हे आधी कळलं असतं का? असतं. हवामान खात्यात आयुष्य घालवलेल्या अण्णा मणी या शास्त्रज्ञ बाईंनी निवृत्तीनंतर देशभरातल्या वाऱ्याची मोजणी हाती घेतली, आणि १९८३ मध्ये डी. ए. मुळे यांच्यासोबत भारताच्या वाऱ्याच्या आकड्यांचं पुस्तक काढलं. १९८६ च्या सुमारास कोकणात देवगडला राज्यातल्या पहिल्या पवनचक्क्या लागल्या, मग साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला. विदर्भात चिखलदऱ्याजवळ मोथ्याला. नकाशा पाहा, सगळी ठिकाणं समुद्रकाठची, घाटमाथ्याची नाहीतर डोंगराच्या कडेची. वाशीमचा मुलूख बी उंचावर आहे, काटेपूर्णा इथून उत्तरेला तापीकडं आणि पैनगंगा गोदावरीकडं जाते. पण नुसती उंची पुरत नाही, वारा अडून वर उसळेल अशी कडा लागते.

सरकारनं पाणी ओढायच्या चक्क्यांचाही प्रयत्न केला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीनं डब्ल्यूपी-२ नावाची चक्की बनवली. पुढं उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरला डच मदतीनं '१२ पीयू ५००' आली, बारा पाती आणि पाच मीटर घेर. साध्या वर्कशॉपात बनेल अशी, म्हणून १९८० च्या दशकात ती अनुदानावर बऱ्याच राज्यांत लागली. पुष्कळ ठिकाणी ती बंद पडली ती वारा नव्हता म्हणून, नाहीतर चामडी वॉशर बदलायला आणि ग्रीस घालायला वर कोणी चढलं नाही म्हणून. अनुदान चक्की बसवायला होतं, सांभाळायला नव्हतं.

याच्या उलट आसामातले दोन भाऊ, मोहम्मद मेहतर हुसेन आणि मुश्ताक अहमद. धानाला पाणी द्यायला डिझेल परवडेना, म्हणून त्यांनी बांबू, लाकूड, जुन्या टायरच्या पट्ट्या आणि थोडं लोखंड वापरून चक्की बनवली आणि हातपंपाला जोडली. खर्च साडेचार हजारांच्या आसपास. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं ती पुढं आणली, आणि गुजरातच्या कच्छच्या छोट्या रणात मिठागरातलं खारं पाणी उपसायला तिचं मजबूत रूप वापरलं गेलं. ही का चालली? वस्तू गावातली, मोडली तर गावात दुरुस्त होणारी, आणि वारा ज्या महिन्यात लागतो त्याच महिन्यात पाण्याचं काम.

आफ्रिकेतल्या मलावीच्या विल्यम कामक्वाम्बाचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. २००१-०२ च्या दुष्काळात फीला पैसे नाहीत म्हणून शाळा सुटली. गावच्या वाचनालयातलं पुस्तक पाहून या पोरानं ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा, डायनॅमो आणि पीव्हीसी पाइपवर चक्की केली, घरात दिवे लावले. सिनेमा निघाला, नाव झालं. मला त्यातलं भावलं ते एवढंच, की शॉर्ट होऊन गवती छप्पर पेटू नये म्हणून त्यानं खिळे आणि चुंबकाचा फ्यूजसारखा खटका बी स्वतः बनवला. चक्की करणारे पुष्कळ, खटक्याचा विचार करणारे थोडे.

मी थोड्यांत नव्हतो. माझी चक्की वाऱ्यासोबत तोंड फिरवायची, आणि तिच्यासोबत पाइपातली वायर पिळत जायची. चौदा महिने मी ती एकदाही उलगडली नाही. २००९ च्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर वादळ आलं आणि वायर वर तुटली. वायर तुटली म्हणजे भार गेला, भार गेला म्हणजे चक्कीला लगाम राहिला नाही. उन्हानं कडक झालेली पीव्हीसीची पाती मोकाट सुटली. आवाज असा, जणू कोणी आभाळ फाडतंय. मग एक पातं सुटलं आणि वीस पावलांवर उभ्या बंडीच्या साटीत घुसलं. पाच मिनिटांआधी तिथं आमचा सालदार बियाण्याच्या थैल्या उतरवत होता. कोणाला काही झालं नाही. आई एवढंच म्हणाली, "उजेड पायजे का जीव पायजे?" दुसऱ्या दिवशी मी उरलेलं खाली उतरवलं.

नंतर वाचलं तर माझी चूक जुनीच निघाली, आणि इलाजही जुनाच. डेन्मार्कच्या योहानेस यूल यानं १९५७ मध्ये गेडसरला चक्की केली, तेव्हा पात्यांची टोकंच अशी केली, की वेग हाताबाहेर गेला की ती वळून ब्रेक लावतील. ती चक्की दहा वर्षं चालली. स्कॉटलंडातल्या स्कोरेग गावात ह्यू पिगट हा माणूस भंगारातल्या गाडीचा ब्रेक ड्रम आणि हब घेऊन वर्षानुवर्षं घरच्या चक्क्या बनवतो आणि शिकवतो. त्याच्या चक्कीची शेपटी तिरप्या बिजागरीवर असते. वारा वाढला की चक्की आपोआप तोंड फिरवते, वादळ गेलं की परत समोर येते. हॅलडेनं १८५४ मध्ये जे ओळखलं तेच.

आणि शेवटची गोष्ट ट्विंडची. डेन्मार्कमध्ये १९७५ ते १९७८ या काळात एका शाळेचे मास्तर, विद्यार्थी आणि येणारेजाणारे यांनी मिळून ५४ मीटर घेराची चक्की उभारली. तेव्हा जगात एवढी मोठी चक्की नव्हती. जनरेटर स्वीडनच्या कागद कारखान्यातला जुना. मोठमोठ्या कंपन्यांच्या त्या काळातल्या चक्क्या भंगारात गेल्या, ही चालत राहिली. बनवणारे तिथंच राहत होते, एवढंच त्याचं गुपित.

आता पोराला काय सांगू? पंपासाठी चक्की नको, हे नक्की. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत १० टक्के वाटा (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के) भरून सौर पंप मिळतो, आणि आपलं ऊन नेमकं रब्बीत साथ देतं. झोपडीच्या दिव्याला बी छोटं सौर पॅनल स्वस्त पडतं. चक्की लावायची तर ती शिकायला, किंवा पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा पॅनलला जोड म्हणून. ज्यांना लावायचीच आहे, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून निघालेली यादी :

१. आधी वर्षभर वारा मोजा. आपल्या महसूल मंडळातल्या महावेध केंद्राचे वाऱ्याचे आकडे पाहा. डिसेंबरचा आकडा पाहिल्याशिवाय पाइप घेऊ नका.
२. खांब खाली बिजागरीवर घ्या, म्हणजे चक्की जमिनीवर आणून काम करता येईल. वर चढायची पाळी नको.
३. शेपटीची बिजागरी तिरपी ठेवा. वादळात तोंड न फिरवणारी चक्की चढवूच नका.
४. बॅटरी काढायच्या आधी चक्की थांबवा. खाली असा खटका ठेवा, की चक्कीच्या वायरी एकमेकींना जोडल्या जातील. तोच ब्रेक. पण वायर वरच तुटली तर हा ब्रेक बी लागत नाही, म्हणून दर महिन्याला पीळ उलगडा.
५. पातं लाकडाचं घ्या, आणि तिन्ही पाती वजनाला सारखी करा. पीव्हीसी आपल्या उन्हात दोन उन्हाळे टिकत नाही.
६. मेच्या मध्यात आणि दिवाळीनंतर ग्रीस, नटबोल्ट आणि ताणाच्या तारा तपासा. वादळाचा इशारा आला की चक्की बांधून ठेवा.
७. खांबाला अर्थिंग करा. विजा कडाडताना त्याच्या जवळ थांबू नका. गोठा, झोपडी आणि पायवाटेपासून खांब लांब ठेवा.

यादी मी पोराला वाचून दाखवली. तो पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला जायचं म्हणतो. मी म्हटलं, "चढवायला एक दिवस लागते, सांभाळाले मानूस लागते. तू गेल्यावर ग्रीस कोन घालीन?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "सुट्टीत मी येईन, मधात तुम्ही करा. मला शिकवा, मी तुम्हाला शिकवतो." मागच्या रविवारी आम्ही दोघांनी तो पाइप खाली घेतला आणि बुडाला बिजागरी मारली. सध्या त्याच्यावर पाती नाहीत, फक्त वारा मोजायची वाटीची चकरी आहे. वर्षभर वहीत आकडे लिहायचे, मग ठरवायचं. वहीचं पहिलं पान त्यानं लिहिलं आहे.

तुमच्या गावात जुनी पाण्याची चक्की होती का? कुठं लावली, कधी बंद पडली, कशानं बंद पडली, ते जरूर सांगा. फोटो असला तर टाका. बंद पडलेल्या चक्कीची गोष्ट चालू चक्कीपेक्षा जास्त शिकवते.

राम राम.